इरावतीच ठेव, पण आधी ऐक

अगं, बारसं तोंडावर आलंय आणि घरात अजून तीन नावांची ओढाताण चाललीय. आईला ईश्वरी हवंय, तुझ्या नणंदबाईंना ईवा, आणि तू इरावतीवर अडून बसलीयेस. गुरुजींनी कृत्तिका नक्षत्राच्या दुसऱ्या चरणाचं 'ई' अक्षर काढून दिलं खरं, पण त्यापुढचं काम कुठल्याच पंचांगात सापडत नाही. बाळ झोपलंय तोवर निवांत बोलून घेऊ. एकदा घुगऱ्या आणि पाळण्याची गडबड सुरू झाली की कोण कुणाचं ऐकतंय?

तुझं नाव मला आवडलंय, हे आधीच सांगून टाकते. मात्र ते तू ज्या कारणासाठी धरलंयस, ते मला कच्चं वाटतं. 'आमच्या सोसायटीत कुणाचंच नाही' हे काय कारण झालं? सोसायटीत आज नाही, उद्या खालच्या मजल्यावर निघेल. शनाया आठवते ना? २०१६ साली 'माझ्या नवऱ्याची बायको' सुरू झाली, तेव्हा त्या शनायाला आपण रोज रात्री जेवताना शिव्या घालायचो. दुसरीचा संसार मोडायला निघालेली बाई ती! तरी पाळण्यांत शनाया यायच्या त्या आल्याच. बारशात त्या बिचाऱ्या बायकोपेक्षा, राधिकेपेक्षा, शनायाच जास्त ऐकू आली. त्याआधी २०१२ च्या 'स्टुडंट ऑफ द इयर'मध्ये आलियाचं नाव शनाया होतं, मुळं तिथपर्यंत जातात. कियाराची गंमत तर आणखी वेगळी. कियारा अडवाणीचं पाळण्यातलं नाव आलिया. पण चित्रपटसृष्टीत एक आलिया आधीच होती, म्हणून 'अंजाना अंजानी'मधल्या प्रियांका चोप्राच्या पात्राचं नाव हिनं घेतलं. ते मूळचं इटलीकडचं, अर्थ स्वच्छ, उजळ. आणि मायरा हे तर फल्क ग्रेव्हिल नावाच्या इंग्रज कवीनं आपल्या कवितेतल्या प्रेयसीसाठी चारशे वर्षांपूर्वी घडवलेलं नाव. आपल्या फोनवरच्या याद्या मात्र त्याचा उगम खुशाल संस्कृतात सांगतात.

नाटक-सिनेमातून नाव घेण्यात मला काही वावगं वाटत नाही, बरं का. आईच्या वयाच्या बायकांत प्रत्येक गल्लीत एक लता निघते. लता मंगेशकरांचं जन्माचं नाव हेमा होतं. दीनानाथांच्या कंपनीचं 'भावबंधन' नाटक होतं, राम गणेश गडकऱ्यांचं. त्यातल्या लतिकेवरून हेमाची लता झाली. तिथून पुढं तिच्या गळ्यानं ते नाव घराघरांत नेलं. म्हणजे त्या सगळ्या लता एका नाटकातल्या लतिकेच्या नाती-पणत्या. नाव उसनं असलं तरी चालतं, फक्त ते कुणाकडून उसनं आणलं हे घरातल्या एकीला तरी ठाऊक असावं. पोरगी सहा-सात वर्षांची झाली की विचारतेच, माझं नाव हेच का? तेव्हा 'यादीत होतं' असं सांगायची पाळी येऊ नये.

आता इरावतीकडं येते. तुझ्या यादीत अर्थ लिहिलाय 'वीज'. तो घोळ आहे. ऐरावती म्हणजे वीज, असं अमरकोशात येतं. इरावती वेगळी. इरा म्हणजे पाणी, पेय, पोसणारा अन्नरस असलेलं काहीही. आणि ते जिच्याजवळ आहे ती इरावती. इरा म्हणजे वाणी, सरस्वती असा अर्थ पुढच्या कोशांत मिळतो, म्हणून हल्लीच्या याद्यांत तोच पुढं करतात. पंजाबातली रावी ती हीच. ऋग्वेदात तिला परुष्णी म्हटलंय आणि परुष्णीलाच इरावती म्हणतात, असं यास्कानं निरुक्तात सांगून ठेवलंय. ब्रह्मदेशातली मोठी नदी इरावदी, तिचंही नाव याच संस्कृत-पाली वळणाचं मानतात.

आणि हो, एक इरावती कालिदासाच्या नाटकातही आहे, ती आईला सांगू नकोस. 'मालविकाग्निमित्र'मधली राजाची धाकटी राणी. नवरा मालविकेच्या मागं लागलाय हे कळल्यावर मद्य प्यालेल्या अवस्थेत ती बागेत येते आणि कमरेची मेखला काढून राजाला मारायला धावते. मला तर ती फार आवडते. पण तुझ्या सासूबाईंना तो दाखला देण्यात शहाणपण नाही.

मराठी घरांत हे नाव ओळखीचं झालं ते इरावती कर्व्यांमुळं. त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या म्यिंजान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिथं कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. गाव इरावदीच्या काठावर. भावांमध्ये ही एकच मुलगी, आणि तिला नदीचं नाव मिळालं. विचार कर, १९०५ साली पुण्या-कोकणातल्या ब्राह्मणाघरी मुलीचं नाव काय असायचं? गंगा, यमुना, काशी, द्वारका, फार तर भागीरथी. नद्यांची आणि तीर्थांचीच नावं, पण पुराणात भेटलेल्या. करमरकरांनी दारासमोरची नदी उचलली. ती परक्या मुलखातली होती आणि तरी नाव ऐकायला आपलंच वाटत होतं. मला या नावातलं हेच सगळ्यात आवडतं. तो काळही मजेचा होता बघ. ब्रह्मदेशचा राजा थिबा आपल्या रत्नागिरीत कैदेत पडलेला, आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक १९०८ ला त्याच थिबाच्या मंडालेत कैदेत गेले. मंडालेही इरावदीकाठचंच.

मुलगी सात वर्षांची झाल्यावर तिला पुण्याला हुजूरपागेत शिकायला पाठवलं. पुढं ती रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढली. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी लग्न, मग बर्लिनहून डॉक्टरेट, १९३९ पासून डेक्कन कॉलेज, पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर, 'युगान्त'ला साहित्य अकादमी. हे सगळं तुला गुगलवर मिळेल. मला सांगायचंय ते त्यांच्या सासूबाईंचं.

सासूबाई म्हणजे आनंदीबाई, बाया कर्वे. पण त्या माहेरच्या गोदू. म्हणजे आपली गोदावरीच की! बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली विद्यार्थिनी. १८९३ मध्ये धोंडो केशवांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. केवढं धाडसाचं लग्न ते! त्यापायी गावानं वाळीत टाकलं. आणि तरीही रीत चुकली नाही, गोदूची आनंदी झाली. रूढी मोडणाऱ्या माणसाच्या घरातसुद्धा ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं गेलं. तीस-पस्तीस वर्षांनी त्याच घरात सून आली, तिचंही नाव नदीचंच. ते कुणी बदललं नाही. तीही नवऱ्याला नावानं हाक मारायची, दिनू म्हणून. आपल्याकडं अजून उखाणा घेतल्याशिवाय नाव घ्यायला बायका लाजतात, आणि ही बाई तेव्हा दिनू म्हणायची! जवळची माणसं तिला इरू म्हणत.

बघ, तुझ्या पोरीला आज जे नाव देशील ते तिचं तिच्याकडंच राहणार आहे, आयुष्यभर. आपल्या आजीला लग्नात दुसरं नाव मिळालं आणि पहिलं कुठं गेलं ते कुणी विचारलंही नाही. म्हणून आता जरा जास्त विचार करायला हरकत नाही. आणि नाव नकोसं असलेल्या पोरीही आपल्याच राज्यात होत्या, विसरू नकोस. मुलगी नको होती म्हणून नकुशी. २०११ मध्ये साताऱ्याला जिल्हा परिषदेनं अशा २८५ मुलींना नवी नावं दिली. काहींनी नटीचं नाव मागून घेतलं. त्यांना मी तरी हसणार नाही.

तुझ्या काकूसासूबाई म्हणाल्या ना, की नदीचं नाव मुलीला ठेवू नये, शास्त्रात नाही? खरंय, मनुस्मृतीत तसं आहे. नक्षत्र, झाड, नदी, डोंगर, पक्षी, साप यांच्या नावाच्या मुलीशी लग्न करू नये, असं तिसऱ्या अध्यायात म्हटलंय. आता मला सांग, हे वाचून महाराष्ट्रात कुणी गोदावरीशी लग्न करायचं थांबलं का? कृष्णाबाई, भीमाबाई, नर्मदाबाई सगळ्या सुखानं नांदल्या. शास्त्र सांगणाऱ्यांच्याच घरात त्या नांदल्या. आणि काकूंना म्हणावं, हे तुम्ही येवल्यात सांगताय. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा याच गावात केली. त्याआधी १९२७ ला महाडला त्यांनी मनुस्मृती जाळली होती. मुक्तिभूमीच्या गावात मनूचा दाखला चालायचा नाही. फार वाद नको घालूस, हसून सोडून दे. पण मनातून ढळू नकोस.

आई म्हणते, परक्या देशातली नदी कशाला, आपली गोदावरी काय वाईट? आईला माझं उत्तर तयार आहे. आपण माग चालवतो येवल्यात, आणि विणतो ती पैठणी. पैठण गोदेकाठी तिकडं राहिलं, पण नाव साडीबरोबर इकडं आलं आणि आता येवला म्हटलं की पैठणीच आठवते. इरावदीचं नाव म्यिंजानहून पुण्याला आलं ते तसंच. आता पुण्याहून येवल्याला येऊ दे.

शिवाय या तालुक्यात पाण्याचं नाव ठेवायला कारण लागतं का? राजापूर-ममदापूरकडं उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा लागतात. गावात आपणही पालखेडच्या डाव्या कालव्याचं आवर्तन कधी सुटतंय याकडं डोळे लावून बसतो. मांजरपाड्याचं पाणी पुणेगाव-दरसवाडीवरून डोंगरगावाकडं निघालं, तेव्हा लोक त्याच्या पूजेला गेले. अशा गावच्या पोरीला 'जिच्याजवळ पाणी आहे ती' हे नाव मला तरी शोभून दिसतं. तुझ्या सोसायटीत नाही म्हणून ठेवण्यापेक्षा हे कारण पोरीला सांगायला बरं.

आता ज्याचा त्रास होणार आहे ते सांगते, ते नीट ऐक.

पहिलं म्हणजे, शाळेत चिडवणार. इरावतीवरून ऐरावत होणारच. पोरगी जरा गुटगुटीत निघाली तर दोन वर्षं ऐकावं लागेल. पुण्यात राहतेस म्हणजे कुणी तरी येरवडाही करणार. घाबरू नकोस. ज्याचं काही करता येत नाही असं एकही नाव पोरांना अजून सापडलेलं नाही. फक्त तिला आधीच सांगून ठेव की ऐरावत इंद्राचा हत्ती आहे, पांढराशुभ्र. कुणी चिडवलं तर रडत घरी यायच्या आधी तेवढं तोंडावर म्हणता आलं पाहिजे.

दुसरं स्पेलिंगचं. हे फार नडतं, बाई. इरावती कर्व्यांच्या इंग्रजी पुस्तकांवर 'डब्ल्यू' आहे, हल्लीच्या बहुतेकजणी 'व्ही' लिहितात. कुठलंही एक धर आणि जन्मदाखला, आधार, शाळा, पासपोर्ट सगळीकडं तेच ठेव. एका कागदावर 'व्ही' आणि दुसऱ्यावर 'डब्ल्यू' झालं की प्रतिज्ञापत्रं करत बसायची वेळ येते, आणि ती पोरगी पंचविशीत असताना येते. नुसतं इरा ठेवणार असशील तर 'ई' या इंग्रजी अक्षरानं सुरू करू नकोस. ई-आर-ए असं लिहिलंस तर बाहेरचा माणूस 'एरा' वाचतो.

आणि इराचं काय, तेही बोलू. पाहुण्यांना, म्हणजे तुझ्या नवऱ्याला, दोन अक्षरी नाव हवंय, म्हणजे पुढं परदेशात अडचण नको. समजू शकते मी. हल्ली सगळीकडं दोन अक्षरांचीच हवा आहे: सई, ओवी, स्वरा, आर्या, इरा. बालवाडीच्या हजेरीत इरा आता ऐकू यायला लागलंय, आमिर खानच्या मुलीमुळंही ते लोकांच्या कानावर पडलं. इरावती मात्र अजून दुर्मीळच आहे. नटी इरावती हर्षे आहे, 'कासव'मधली. तिच्यापलीकडं चटकन दुसरं नाव सांग बरं. पण परदेशाचं म्हणशील तर ऐक, अमेरिकेत इरा हे पुरुषाचं नाव आहे. इरा गर्श्विन म्हणून मोठा गीतकार होऊन गेला. आणि रशियात इरीनाचं लाडाचं नाव इरा. म्हणजे आखूड केलं की सगळ्यांना जमतं, पण मग ते कुणाचंही होतं. माझं मत विचारशील तर कागदावर इरावती लिही आणि घरात इरा, इरू, काय हवं ते म्हण. आखूड नावाचं मोठं करता येत नाही. मोठ्याचं आखूड रोज करता येतं.

फक्त लाडाचं नाव जपून निवड, कारण तेच चिकटतं. आपल्या गावच्या तात्या टोप्यांचं खरं नाव रामचंद्र पांडुरंग. आता बस स्टँडवर दहा जणांना विचार, किती जणांना ते सांगता येतं. चिऊ, पिल्लू, छकुली हे सहा महिन्यांपर्यंत ठीक. पंचेचाळीस वर्षांच्या पिल्लूताई आपल्या नात्यात आहेत, तुला माहिती आहे मी कुणाबद्दल बोलतेय.

आत्याचा मान तेवढा सांभाळ. कानात कुर्रर्र करून नाव आत्यानंच सांगायचं असतं. ईवा नको असेल तर आज फोन करून सांग, पाळण्यापाशी नको. आणि त्यांना नुसतं नको म्हणू नकोस, इरावतीची ही सगळी हकीकत सांग. गोदूची आनंदी झाली, तेही सांग. त्या स्वतः लग्नानंतर दोन वर्षं बदललेल्या नावाला ओ द्यायला विसरायच्या, त्यांना पटकन कळेल. आई ईश्वरीसाठी रुसेल, ती माझ्यावर सोड. पाळण्यातलं दुसरं नाव ईश्वरी ठेवलं की तिचंही समाधान.

एक राहिलंच. इरावतीबाईंचा 'परिपूर्ती' नावाचा लेख आहे, त्याच नावाच्या पुस्तकात, १९४९ च्या. एका समारंभात त्यांची ओळख करून देतात, कुणाची मुलगी, कुणाची सून, कुणाची बायको. त्यांना वाटतं, यात काहीतरी राहिलंय. मग एके दिवशी रस्त्यानं जाताना शाळकरी पोरं एकमेकांना दाखवतात, ती बघ आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, आणि त्यांना ती ओळख पुरी झाल्यासारखी वाटते. एवढं दुर्मीळ नाव, एवढी मोठी बाई, आणि शेवटी ओळख मुलावरून! कॉलेजात वाचलं तेव्हा मला रागच आला होता. आता दोन पोरं वाढवल्यावर तेवढा येत नाही, पण थोडा येतो अजून. पोरीचं नाव घेऊन तुला हाक मारतील, इरावतीची आई म्हणून. ते तुलाही गोड वाटेल. तरी तुझं नाव पुसू देऊ नकोस. आणि त्यासाठी आता कायद्याचीच साथ आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव, असा क्रम ठरलाय. म्हणजे इरावतीच्या लगेच पुढं तू आहेस. चारही नावं एकदा मोठ्यानं म्हणून बघ, कानाला कशी लागतात ते कळेल.

जन्माची नोंद दवाखान्यानं एकवीस दिवसांच्या आत कळवायची असते, ती त्यांनी केली असेल, पण त्यात बाळाच्या नावाचा रकाना कोराच असतो. तो भरायला वर्षभर फी पडत नाही. वर्ष उलटलं की विलंब शुल्क, आणि पंधरा वर्षांपर्यंतच मुभा. ऑक्टोबर २०२३ पासून शाळेच्या प्रवेशापासून पुढच्या बहुतेक कामांना हाच दाखला धरतात. म्हणून बारसं झालं की पुण्याची गाडी पकडायच्या आधी पाहुण्यांना अर्ज घेऊन नगरपालिकेत पाठव, आणि दाखला हातात आला की काउंटर सोडायच्या आधी दोन्ही भाषांतलं स्पेलिंग वाचून घ्यायला सांग.